हात दाखवून

गाडी चालवायची परीक्षा एमिल ह्रिंकोंना उतारवयात पुन्हा द्यावी लागली, ती डॉक्टरांच्या कृपेने. यांना एकदा तपासून घ्या, असं त्यांनीच वर कळवलं होतं. नापास झाले तर लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की पिट्सबर्गमध्ये टेकडीच्या टोकावर एकट्या राहणाऱ्या माणसाचं सगळंच गेलं. चर्चच्या तळघरात चारचौघांत पिरोगीच्या उकडीच्या करंज्या भरायला बसणं गेलं, शुक्रवारचा तळलेला मासा गेला, बायकोच्या, वेरोनिकाच्या, कबरीवर फुलं ठेवणंही गेलं. बस होती, पण ती आली तर यायची.

मुलगी डार्लीन आठवडाभर त्यांची शिकवणी घेत होती. शिकवणीत धडा एकच होता.

"बाबा, त्या दिवशी कुणाला आधी डावीकडे वळू द्यायचं नाही. हिरवा लागला की सरळ निघायचं."

"आणि समोरचा?"

"तो थांबेल. कायद्याने त्यानेच थांबायचं असतं."

कायदा तसाच होता; तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून डावीकडे वळणाऱ्याला समोरच्याची वाट कापावी लागते. पण हिरवा लागताच समोरून डावीकडे वळणारा आधी आपल्या पुढून आडवा निघून जातो आणि आपण क्षणभर थांबून त्याला जाऊ देतो, हे पिट्सबर्गमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. रस्ते अरुंद, एकाला सोडला नाही तर त्याच्यामागची रांग जन्मभर तिथेच. बाहेरगावच्यांना हा वेडेपणा वाटतो. एमिलना ती माणुसकी वाटायची. त्यांनी डार्लीनला उलट एवढंच बजावलं, की परीक्षेला तू येऊ नकोस, मला उगाच धडधडतं. तिने मान डोलावली.

डोळ्यांच्या तपासणीतून ते सहज पार पडले. रांगेतल्या पुढच्या सगळ्यांनी तीच ओळ मोठ्याने वाचली होती, आणि एमिलचे कान अजून तल्लख होते.

परीक्षा घेणाऱ्या टिबेट्सबाई ॲरिझोनाहून इथे नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्या शेजारी बसल्या आणि एमिलची मोहरीच्या रंगाची जुनी गाडी निघाली. चढ, उतार, गाडी मागे घेणं, सगळं बिनबोभाट झालं. परतताना शेवटचा सिग्नल लाल होता. पलीकडे एक करडी गाडी वळायचा दिवा लुकलुकवत उभी होती. आत लाल टोपी घातलेली कुणी बाई होती.

हिरवा लागला. डार्लीनचा धडा एमिलना आठवला, पण त्याआधीच त्यांची दोन बोटं सवयीने स्टिअरिंगवरून वर गेली होती. जा बाई तू.

बाई जाईना.

"हिरवा आहे, मिस्टर ह्रिंको," टिबेट्सबाई म्हणाल्या.

"हो. तिला वळायचंय."

"मग तिने थांबायचं."

"थांबलीच आहे की. तीच तर पंचाईत आहे."

"आधी तिने जायचं, हे कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला पाहिजे? सगळ्यांना माहितीये."

"तिला दिसत नाही माहीत."

"बाहेरगावची असणार," एमिल म्हणाले, आणि बाईंकडे बघून चपापले.

तेवढ्यात लाल लागला. पुढचा हिरवा आला तेव्हा माघार घेणं आणखी कठीण झालं होतं. एकदा जा म्हटल्यावर आपण निघावं आणि तिनेही निघावं, म्हणजे टक्करच. त्यांनी परत बोटं वर केली. लाल टोपी जोरजोरात हलली आणि एक हात त्यांनाच पुढे व्हायला सांगू लागला. मागच्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला, आजोबा काय झालं म्हणाला, ऐकून घेतलं आणि लगेच एमिलच्या बाजूने उभा राहून तोही हात दाखवू लागला. फुटपाथवरचे लोक दाखवू लागले. करड्या गाडीच्या मागचेही खिडकीतून हात काढून तिला जा जा करू लागले. अख्खा चौक एका बाईला वळायला सांगत होता आणि ती दगडासारखी बसून होती. शेवटी टिबेट्सबाईंचा धीर सुटला. हातातला कागद मांडीवर टाकून त्या काचेकडे वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिला जायची खूण केली. मग मात्र करडी गाडी मान खाली घातल्यासारखी वळून निघून गेली.

"हिरव्यावर थांबणं चूकच आहे," कागद पुन्हा उचलत टिबेट्सबाई म्हणाल्या. "पण शेवटी हात मीच दाखवला. आता ते कुठे लिहू?"

एमिल पास झाले.

त्या संध्याकाळी डार्लीनकडे कोबीचे रोल केले होते. एमिलनी सगळी हकिकत रंगवून सांगितली आणि डार्लीनचा नवरा, रे, हसून हसून बेजार झाला.

"दगड परवडला," एमिल म्हणाले. "लाल टोपी घालून नुसती मुंडी हलवत बसलेली."

रे हसायचा थांबला. डार्लीनने त्यांच्या ताटात आणखी एक रोल वाढला. रे जिकडे बघत होता तिकडे एमिलनी पाहिलं. दाराजवळच्या खुंटीवर लाल टोपी होती, वेरोनिकाने विणलेली.

"तू येणार नव्हतीस," ते म्हणाले.

"लांबूनच बघून परत जाणार होते. मी तुम्हाला सरळ जा म्हणत होते, बाबा. तुमच्याकडेच बघत होते."

तो रस्ता काही रुंद नव्हता. इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जावी, एवढाच. तेवढ्यावरून त्यांना टोपीचा रंग दिसला होता, पण पोटच्या पोरीची ना गाडी ओळखू आली होती, ना चेहरा दिसला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली: हीच पोर पायी रस्ता ओलांडत असती तर? जेवण संपल्यावर ते उठले, खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि खुंटीवरच्या टोपीत ठेवून आले. कुणी नको म्हणालं नाही. म्हणावं, असं त्यांना क्षणभर फार वाटलं.

रविवारी डार्लीन त्यांच्याच गाडीतून त्यांना वेरोनिकाकडे घेऊन निघाली. फुलं एमिलच्या मांडीवर होती. त्याच सिग्नलला समोर एक गाडी वळायचा दिवा लावून उभी होती. हिरवा लागला आणि डार्लीन निघणार, तोच एमिल म्हणाले, "थांब जरा." ती थांबली. त्यांनी दोन बोटं वर केली. समोरची गाडी झर्रकन आडवी निघून गेली आणि जाताना तिच्या खिडकीतून आभाराचा एक हात वर झाला.

"कोण होतं हो?" डार्लीनने विचारलं.

"ते काही दिसलं नाही," एमिल म्हणाले. "पण इथलंच होतं."