दोन नावांच्या चिठ्ठ्या

बोईसरला आमच्या ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात कुणी गियरबॉक्स मागितला, की स्टोअर सांभाळणारे नरोत्तमकाका आधी विचारतात, "सासरचं नाव काय तिचं?"

गिऱ्हाईक गडबडतं. काका गंभीरपणे सांगतात, "ट्रान्समिशन. इंग्रजाकडं गियरबॉक्स, अमेरिकेत दिली की ट्रान्समिशन. पोरगी तीच हाय. दात पण तेवढेच."

प्रत्येक खोक्यावर त्यांची चिठ्ठी. वर माहेरचं नाव, हाफ शाफ्ट. खाली सासरचं, ॲक्सल शाफ्ट. ड्रायव्हर लोक चिडवतात, "चाचा, क्लच की सास कौन है?" काका हसत नाहीत. डिंक लावत राहतात.

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सुटलेला. काउंटरवर इंग्रजी कागद आला की अजून घाम फुटतो. एकदा एकानं ड्राइव्हशाफ्ट मागितला. मी नाही म्हणालो, तो गेला. गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा तो लांब दांडा आम्ही प्रॉपेलर शाफ्ट म्हणून विकतो, आणि तसे चार माझ्या पाठीमागंच उभे होते. शेठला कळलं. "उद्यापासून येऊ नको." घरी काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

काका आतून आले. "शेठ, त्याला नका बोलू. तिथं चिठ्ठी लावायची मीच इसरलो."

नोकरी राहिली. तेव्हापासून चिठ्ठ्या मीच कापून देतो.

गेल्या महिन्यात काका पंधरा दिवस आले नाहीत. कापलेल्या चिठ्ठ्या घेऊन मी माकुणसारला त्यांच्या घरी गेलो. ओटीवर खाटेवर काकी पडलेल्या, नजर छताला. काका पेजेची वाटी घेऊन बसलेले.

"मालती," त्यांनी हाक मारली. काकींची नजर तिथंच. त्यांनी पेज ढवळली. मग हळूच, "हिरा."

काकींनी मान वळवली.

"लकव्याचा झटका आला तेवापासून असंच," काका म्हणाले. "लग्नात तांदळात अंगठीनं मालती मीच लिवलं. चाळीस वर्सं ओ देत होती. दवाखान्यात आमी आठ दिवस निस्तं मालती, मालती करीत बसलो. माहेराहून, दातिवऱ्याहून तिचा भाऊ आला, हिरा बोलला, तेवा डोळे उघडले. तोवर तिला वाटलं असंल, आपल्याला कोण बोलवतच नाय."

"मग काका, आधीच हिरा म्हणा ना."

"बोलतो की. पण आधी एकदा मालती. कवातरी ओ देईल."

मी चिठ्ठ्या खाटेशेजारी ठेवल्या आणि निघालो. मागं काकांनी पुन्हा चमचा भरला.

"मालती."

मी उंबऱ्यातच थांबलो. चपला पायात सरकवल्या असत्या, तर आवाज झाला असता.