रणपिस्यांचा दम

ट्यूबावादकाने रेकॉर्डिंगमध्ये घातलेला दम निवृत्तीनंतर त्याला परत मिळतो. फक्त तेवढ्या जागेवरून ट्यूबाचा आवाज कायमचा जातो, आणि अर्ज आवडत्या रेकॉर्डिंगसाठीच करता येतो.

ऑगस्टिन रणपिस्यांनी उभा जन्म वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत ते अगडबंब पितळी वाद्य मांडीवर घेऊन काढला. आता तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत त्यांचा भाता होई. शेवटी बायकोने, रूथबाईंनी, चांगला दम देऊन त्यांना दम परत देणाऱ्या कचेरीत आणलं.

"बिस्किटांच्या जाहिरातीतला घ्या की," रणपिसे म्हणाले. "लागेल तेवढा घ्या."

"त्यात दम नाही," काउंटरपलीकडून टिपणीसबाई म्हणाल्या. "नुसतं फुंकलंय तुम्ही. आवडती सांगा."

रणपिसे आवडती रेकॉर्डिंगं बोटांवर मोजू लागले. अंत्ययात्रेची धून द्यावी? ट्यूबा काढला तर मेलेला उठून ठेका धरेल! आणि ती समुद्रावरची सिम्फनी? छे, समुद्राला तळच उरायचा नाही. जीव तुटत होता बिचाऱ्यांचा.

"नाताळच्या कार्यक्रमाची घ्या," ते कसेबसे म्हणाले.

रूथबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यात ऐन जागी तुम्ही वाजवलंच नाहीत! डुलकी लागली होती तुम्हाला. आमचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं हो बाई, तेव्हापासून ओळखते मी ही झोप!"

टिपणीसबाईंनी हेडफोन लावून ती जागा ऐकली. "डुलकी नाही ही. इथं दम रोखून धरलाय. अजून अख्खा आहे. हा परत घेतलात तर ट्यूबाचंही काही जाणार नाही."

"रोखला कशाला?" रूथबाईंनी नवऱ्याला विचारलं.

रणपिसे टोपी चाचपू लागले. "तू एकटी गायला पुढं आलीस ना," ते म्हणाले. "मी बघतच राहिलो."

 रूथबाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी टिपणीसबाईंना विचारलं, "हा दम काढला तर तिथं काय उरेल?"

"डुलकी," टिपणीसबाई म्हणाल्या.

रूथबाईंनी अर्ज मागे घेतला. टिपणीसबाईंनी पुढच्या माणसाला बोलावलं. तो सनईवाला होता.

घरी परतताना दुसऱ्या मजल्यावर रणपिसे कठडा धरून थांबले. रूथबाईही थांबल्या, खरं तर त्यांना तशी गरज नव्हती.

"दम खा जरा," त्या म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"