साहेबांच्या गाडीचा पोचा

“शेजारच्या साहेबांच्या गाडीचा हप्ता यंदा उतरला,” विमा एजंट म्हणाला, आणि ड्रॉइंगमास्तरांचं बिस्कीट चहात पडलं.

“उतरला? अहो, तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे!”

“वय नाही बघत, मास्तर, क्लेम बघतात. आणि त्यांचा एकही नाही. त्याची सूट वाढत वाढत गेली. तुमचं मात्र...” एजंटाने सुस्कारा सोडला. “आधी खांब, मग फाटक, मग पुन्हा खांब.”

“तोच खांब,” मास्तरांची बायको चमच्याने बिस्कीट काढत म्हणाली. “आता ओळखीचा झालाय.”

लेकीने तर फोनवर बजावूनच ठेवलं होतं. “बाबा, आता एक जरी क्लेम केलात तर गाडी विकायची!” वसाहत शहराच्या टोकाला, बस आली तर आली. गाडी गेली की मास्तरांचं जग फाटकापाशीच संपणार होतं. पण त्या रात्री त्यांची झोप उडाली ती साहेबांच्या सवलतीमुळे नव्हे, तर तिच्यामुळे आलेल्या त्यांच्या तोऱ्यामुळे. सकाळीच साहेबांनी कुंपणावरून विचारलं होतं, “काय मास्तर, यंदा किती भरलात?”

“माणूस आहे, चुकणारच कधीतरी,” मास्तर म्हणाले. “मी बघतोच.”

त्या दिवसापासून त्यांनी पाळत ठेवली. गच्चीवरच्या कुंड्यांना इतकं पाणी घातलं की झाडं कुजायला आली. साहेब रोज सकाळी गाडी धुवायचे, पुसायचे, इंजिन चालू करून कान देऊन ऐकायचे आणि बंद करायचे. गाडीवर ओरखडा म्हणून नाही.

“हा बाहेर जातो तरी कधी?”

“तुम्ही घोरता तेव्हा,” बायको म्हणाली. मग मास्तरांनी दुपारची झोपही सोडली.

शेवटी एका सकाळी मास्तर आपली गाडी मागे घेत असताना साहेब किल्ली नाचवत बाहेर आले. त्यांची गाडी धुऊन रस्त्याच्या कडेला उभीच होती. आज सापडला! वळण कसं घेतो ते बघायला मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मान साहेबांकडे, पाय ब्रेकच्या शेजारी.

धाड!

साहेबांच्या चकचकीत दारात हा एवढा पोचा!

मास्तर झटकन उतरले. गाडी विकली जातानाचा लेकीचा चेहरासुद्धा त्यांना दिसून गेला. “साहेब, हात जोडतो, विम्यात जाऊ नका. मी भरून देतो.”

साहेब वाकले. पोच्यावरून हळुवार हात फिरवला.

“भरून? खबरदार कुणी हात लावाल तर!”

“म्हणजे?”

साहेबांनी घराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. “दोन वर्षं झाली, मास्तर. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही. डोळे अधू झाले माझे. मुलगा दर रविवारी विचारतो, नुसतीच उभी असते तर विकू का? मी म्हणतो, चालवतो की रे! तो म्हणतो, मग एकदाही कुठे घासली कशी नाही?” त्यांनी पुन्हा पोच्यावर हात ठेवला. “तुम्ही खांबाला ठोकून यायचात ना, तेव्हा जळायचो हो मी तुमच्यावर.”

“उद्या बाजारात जाणार आहे,” मास्तर म्हणाले. “शेजारी बसायला येता?”

“येतो. पण चालवताना पुढे बघा.”

मास्तर छाती फुगवून घरात आले. क्लेम नाही, गाडी शाबूत, आणि त्यांच्यावर कुणीतरी चक्क जळतंय! आयुष्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी साहेबांच्या फाटकाशी आख्खी गल्ली जमली होती. साहेब हातवारे करत सांगत होते, “समोरून ट्रक आला, हा असा! दुसरा कुणी असता तर संपलाच होता. मी अशी काढली बाजूला...”

“वा, साहेब! या वयात!” लोक म्हणाले.

मास्तर खिडकीतून बघत होते. बायकोने त्यांचा पडलेला चेहरा पाहिला.

“आता काय झालं? सुटलात ना?”

“सुटलो गं.” मास्तरांनी पडदा ओढला. “पण पोचा मी पाडला, आणि नाव बघ कुणाचं होतंय!”