दादारावांच्या झाडाची थंडी

अंबडच्या रस्त्यावर माझं थंड पेयांचं दुकान आहे. उन्हाळ्यात बर्फ मागणाऱ्यांची रांग लागते, त्याचं मला काही कौतुक नाही. पण ऐन पौषात, अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर आणि नाक सारखं पुसत बर्फाची लादी मागणारं गिऱ्हाईक सगळ्या तालुक्यात एकच, आमचे शेजारी दादाराव काका. पहिल्यांदा ते असे आले तेव्हा मी हातातलं काम टाकून उभा राहिलो. हिवाळ्यात बर्फ लागतो तो एकाच कामाला.

"कोण गेलं, काका?" मी हळूच विचारलं.

"कोणी गेलं न्हाई. थंडी कमी पडून राह्यली यंदा. झाडाला लागती."

झाड म्हणजे पीचचं. आमच्याकडे मोसंबी लावतात, ऊस लावतात, फार तर बांधावर सीताफळ. पीच हे फळ आम्ही ज्यूसच्या डब्यावरच्या चित्रात बघितलेलं. पण काकांनी कुठल्याशा नर्सरीतून रोप आणलं आणि परसात, न्हाणीच्या पलीकडे लावलं. "थोड्या थंडीत येणारी जात हाय, पण थंडी पाह्यजेच," असं नर्सरीवाल्यानं बजावलं होतं. आता थंडी काय कोणी पोत्यात भरून देतं का? काकांनी मात्र तेच केलं. माझ्याकडची लादी पोत्यात गुंडाळून सायकलवर न्यायची, फोडून बुंध्याभोवती पसरायची आणि वरून उसाचं पाचट झाकायचं. त्यानं झाडाला किती थंडी वाजली देवाला ठाऊक, काकांना मात्र दर पौषात पडसं व्हायचं.

काकांची मोसंबीची बाग अशी, की लोक कलम बघायला लांबून यायचे. पण माणूस भारी चिकट, पैशाला नव्हे, कौतुकाला. त्यांच्या तोंडून "बराबर हाय" निघणं म्हणजे मोठी गोष्ट. लग्नाच्या पंगतीत बसले की वरण बराबर न्हाई, भाताला वाफ बराबर न्हाई, नवरदेवाचा फेटासुद्धा बराबर न्हाई. माझ्या दुकानाचा बोर्ड रंगवून मी त्यांना मुद्दाम दाखवायला आणलं, तर त्यांनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाले, "खिळे बराबर न्हाईत." वर जाऊन बघितलं तर खरंच एक खिळा वाकडा होता.

दुसरी त्यांची तऱ्हा म्हणजे सुनेशी न बोलणं. भांडण वगैरे काही नाही, जुनी रीत. मुलगा ज्ञानेश्वर फौजेत. पहाडात पोस्टिंग असताना त्यानं तिकडचीच मुलगी पसंत केली. कमला तिचं नाव. दोन-चार दिवस गाव कुजबुजलं, काका मात्र एक शब्द बोलले नाहीत. पुढे तिच्याशीही बोलले नाहीत. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरायचं आणि मग गायीकडे बघत म्हणायचं, "कोणाचा चहा झाला आसंल तर बरं व्हईल." गाय रवंथ करायची आणि चहा आतून यायचा. तीन वर्षं त्या घरात सगळा कारभार त्या गायीच्या मध्यस्थीनं चालला.

तिकडे झाड वाढलं, पण पानांपलीकडे काही देईना. काकांच्या बायकोला, गयाकाकूंना, कढीपत्त्यासाठी तीच जागा हवी होती. गेल्या हिवाळ्यात त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, फळ धरलं तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात कुऱ्हाड. काकांनाही त्याच वर्षी फळ हवं होतं, पण कारण वेगळं असावं. ज्ञानेश्वरला क्वार्टर मिळालं होतं. वैशाख संपता संपता तो कमलाला घेऊन जाणार होता. तेव्हापासून काका झाडाभोवती असे घिरट्या घालायला लागले, की घरातले जेवायला त्यांना तिथेच ताट नेऊन देत.

शेवटी त्यांनी मोसंबीवाल्यानं करावं तेच केलं. मोसंबीला बहार धरायचा तर पाणी तोडून झाडाला ताण देतात. काकांनी पीचचं पाणी तोडलं. वर खुर्चीवर उभं राहून एकेक पान हातानं खुडलं. झाड पार नागडं झालं. येणारे-जाणारे कुंपणातून बघून हळहळायचे, मीही म्हणालो, "काका, संपलं हो हे." त्यांनी फक्त बर्फ वाढवला.

माघात त्या काटक्यांवर गुलाबी फुलं आली. पान एक नाही आणि फांदीभर फुलं. सगळा गाव बघायला लोटला. काका काठी घेऊन उभे, कोणी फांदीला हात लावला की खेकसायचे. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला, सांगून टाकतो. फळं धरली ती थोडीच, लिंबाएवढी. पोपटांचा डोळा पडू नये म्हणून काकांनी माझ्या घरची मच्छरदाणी मागून नेली ती झाडावर चढली, आणि आम्ही चैत्रभर डासांच्या स्वाधीन.

वैशाखात एका सकाळी मी मच्छरदाणीची चौकशी करायला गेलो. काका परसातून आले, धोतराच्या सोग्यात काहीतरी सांभाळत. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले. गायीकडे बघितलं. मग काय झालं कोण जाणे, गायीकडून मान वळवली आणि सोगा सरळ कमलापुढे धरला. लाललाल, लव असलेली चार-पाच फळं.

कमला बघतच राहिली. "आड़ू," ती म्हणाली. तिनं एक उचललं, पदरानं पुसलं आणि चावा घेतला. तिचे डोळे भरून आले.

"खट्टा हाय क्या?" काकांनी विचारलं. तीन वर्षांत तिच्याशी ते पहिल्यांदा बोलले.

तिनं मान हलवली. "बराबर हाय, बाबा."

काका एकदम परसाकडे निघून गेले. गयाकाकूंनी मला मग सांगितलं. पोर लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात रोज फोनवर आईला विचारायची, आपल्या अंगणातले आड़ू, म्हणजे हेच पीच, पिकले का. तिकडे आई काय सांगायची ते कळायचं नाही, पण फोन ठेवला की ही जेवायची नाही. काका ओसरीवर बसून ऐकायचे. कोणाला काही बोलले नाहीत, आठवड्यात रोप घेऊन आले.

कमला गेली. कढीपत्ता कुंडीत लागला. मला त्या फळातलं एकही मिळालं नाही, आणि मच्छरदाणीला भोक पडलं ते निराळंच.

यंदा पौष लागला तसे काका दुकानात आले, मफलर, दोन स्वेटर, लाल नाक.

"काका, आता कशाला? ती तर गेली."

"झाडाला कुठं म्हाईत हाय ते?" ते म्हणाले. मग नाक पुसलं. "वैशाखात ज्ञानेश्वरला सुट्टी मिळन म्हन्ती. फोनवर बोलली माझ्याशी. जल्दी कर, संजू, मोठी लादी दे."