गुणवंतभाऊची सीट

वाशीमजवळच्या रिठद गावात, स्टँडवर गुणवंतभाऊचं हॉटेल आहे. तिथे मागितलेलं कधी मिळत नाही. चहा मागा, ताक येतं. आलूबोंडा मागा, मुगाची खिचडी येते. तक्रार केली की भाऊ म्हणतो, "तुमाले काय पाह्यजे, ते तुमाले काय मालूम? त्वांड पाहा आरशात, पित्त झालं तुमाले!" वैताग याचा, की बहुतेक वेळा पित्त झालेलंच असतं.

गावच्या लेझीम पथकाने कोकणात समुद्र पाहायला जायचं ठरवलं, तेव्हा भाऊने एका रविवारचा सगळा गल्ला पोरांच्या गाडीभाड्यासाठी जाहीर केला. गाव लोटलं. आणि काय तो गोंधळ! सरपंचांपुढे दूधभात, पाटलांच्या नव्या जावयापुढे कारलं.

"गुणवंता, हे कायले देल्लं बे?"

"खा गुपचूप! पोरायची गाडी निंगाची हाये!"

लोकांनी आपसात ताटं बदलली. कोण कुणाचं खातंय, कुणालाच कळेना. संध्याकाळी मात्र गाडीचं भाडं निघालं.

मी पथकाचा जुना मास्तर. भाऊने मला मोरीपाशी ओढलं. "गुर्जी, एक सीट माह्यासाठी ठेवा. साठीचा झालो, समुद्र नाही पाह्यला. पोरायले तुमीच सांगा, मले लाज वाटते."

मी हो म्हणालो आणि कुणालाच सांगितलं नाही. ती शेवटची सीट साडूला दिली. का दिली, ते मला आजही उमगत नाही. साडूने मागितलीही नव्हती.

निघायच्या दिवशी भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी घेऊन आला. "गाडी फुल झाली, भाऊ," मी म्हणालो. त्याने खिडकीतल्या साडूकडे पाहिलं. "मंग? मी तं पोरायले चिवडा द्याले आलो," म्हणत त्याने पिशवी आत दिली. वाटेत चिवड्याखाली त्याचा टॉवेल निघाला.

तो इस्त्रीचा सदरा पाहिलेलं गाव म्हणतं, भाऊही निघाला होता, ऐन वेळी पलटला. तो पलटला नव्हता.

परतल्यावर वाशीमच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "गुर्जी, भाऊले कसा वाटला समुद्र?"

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यानंच. तुमी निंगाच्या आधी आठ दिवस दुपारी हॉटेल बंद करून माह्या गाडीनं वाशीमले येत होता, खाली न उतरता वापस जात होता. म्हने, मले गाडी लागते, सवय करून राह्यलो. पोरायमंदी वकलो तं बरं दिसन काय? मंग, नाही ना लागली गाडी?"

"नाही," मी म्हणालो. "नाही लागली."