निरगाठ सुटली त्याची हकीकत

श्री. आधी सुईस नमस्कार, मग दोऱ्यास, मग ज्यांणी ज्यांणी लुगडी नेसून नेसून मऊ केली त्या सर्वांस. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी वर्तमान जाहले ते ऐसे जे, मुकुंदराव यांणी बड्या सरकारची चाकरी सोडली. राज्य कोणते, गाव कोणता, हे पुसू नये. लिहिणाराने सांगणार नाही म्हटले म्हणजे नाही. बडे सरकार म्हणजे विम्याची कचेरी. तेथे मुकुंदराव एकोणीस वर्षे काचेच्या दालनात फिरत्या खुर्चीवर विराजमान होते, आणि मुलखात माणूस मेला कीं त्याचे कागद लाल फितीत बांधोन यांचेपुढे येत, आणि हे त्यावर मंजूर अथवा नामंजूर लिहीत, आणि मग फीत पुन्हा बांधोन पुढे धाडीत. मेलेल्याचे तोंड कधी पाहिले नाही. घरी मातुश्री अनसूयाबाई गोधड्या शिवीत असत. पंचक्रोशीत तैसा हात दुसरा नव्हता. एके सकाळी मातुश्री सुईत दोरा ओवावयास बसल्या आणि सात वेळा चुकल्या, हे मुकुंदरावांणी चहा पिता पिता मोजले आणि चहा तैसाच निवला. मनात आले कीं, ही विद्या आईबरोबर गेली तर आपले हाती काय, मंजूर आणि नामंजूर. मग पत्नी कुमुदिनीबाई यांजशी मसलत केली आणि राजीनामा लिहिला. कचेरीत लोकांणी हार घातला आणि पाठ फिरताच वेडा ठरविला. मातुश्री इतकेच बोलल्या, "खुर्चीत बसायचास, आता सतरंजीवर बसशील. गुडघे धरतील बघ." परंतु आतून बहुत संतोष पावल्या, ऐसे कुमुदिनीबाईंचे म्हणणे.

मग माजघरात गोधडीचे राज्य स्थापन जाहले. आळीच्या चार बायका शिवावयास येऊ लागल्या, आणि नवी बाई आली म्हणजे मातुश्री तिचे तोंड न पाहता डाव्या हाताचे बोट हाती घेऊन चाचपीत. कारण ऐसे कीं, धावदोरा घालताना ते बोट गोधडीखाली धरावे, सुईचे टोक त्यास लागले कीं मग सुई वर काढावी, त्याविना टाका बारीक येत नाही. सबब जिचे बोट टोचून खरखरीत, तिची शिवण खरी. मुकुंदरावांचे बोट मऊ. त्यांचे टाके पाहून मातुश्री म्हणत, "हा टाका आहे का ढांग? पाय अडकेल कुणाचा त्यात," आणि हसत हसत सगळे उसवून टाकीत, आणि मुकुंदराव पुन्हा घालीत. एकोणीस वर्षांत जे सुख खुर्चीवर मिळाले नाही ते या उसवण्यात मिळाले, हे त्यांणी स्वमुखे सांगितले आहे.

आता गाठोड्यांचे प्रकरण. जुनी लुगडी, धोतरे, चोळ्या यांची चाळीसेक गाठोडी फडताळात होती. पहिलेच दिवशी मातुश्रींणी मुलास तेथे उभे करोन सांगितले, "सुरगाठीची हवी तेवढी सोड. निरगाठीला हात लावू नकोस." त्या समयी मुकुंदराव गोधडीला लावायच्या चिठ्ठ्या छापणाराशी फोनवर बोलत होते. मान हलविली आणि "हो, हो" म्हणाले. मातुश्रींस वाटले ऐकले. मुकुंदरावांस वाटले, आई काही तरी गाठीचे म्हणाली. ओढताच सुटते ती सुरगाठ आणि नखे मोडली तरी सुटत नाही ती निरगाठ, इतके त्यांस ठाऊक होते, परंतु आईस अक्षर येत नाही, ती मनातले गाठीतच लिहिते, हे ध्यानी आले नाही.

पुढे पौषात डोंगरावरील थंड गावच्या विश्रामगृहाचे मालकाकडून बारा गोधड्यांची मागणी आली, संक्रांतीपूर्वी पाहिजेत म्हणोन. अकरा शिवून होत आल्या तोच मातुश्री भावाचे घरी बारशास चार दिवस गेल्या. मुकुंदरावांचे मनात आले कीं, आई येईतो फडताळ ऐसे लावावे कीं बघत राहील. मग कचेरीतील सगळी शिस्त उतरविली, आणि सर्व गाठोडी सोडविली, कपडे साबणाने धुवविले, रंगवार लाविले, आणि लाल फिती बांधोन आकडे घातले. एक लहानसे गाठोडे काही केल्या सुटेना. कुमुदिनीबाई म्हणाल्या, "अहो, हे फार घट्ट बांधलंय. आईंना विचारून घ्यायचं का?" मुकुंदराव म्हणाले, "प्रत्येक गोष्टीला विचारत बसायचं तर कचेरी काय वाईट होती?" आणि कातरीने गाठ कापली. आत लहान मुलीचे कपडे निघाले, दोन झबली, एक फुलाफुलांचा फ्रॉक, एक पिवळा परकर. रंग पाहून मुकुंदरावांचा जीव हरखला. बारावी गोधडी स्वहस्ते शिवावयास घेतली आणि तो पिवळा बरोबर मधोमध लाविला. दिवस थोडे राहिले होते आणि उसवावयास आई घरी नव्हती. बोटास सुई लागते म्हणोन खाली पुठ्ठ्याचा तुकडा धरिला आणि लांब लांब टाके घालीत एका दिवसात धडाधड शिवून काढिली. लांबून पाहता सर्वांत देखणी तीच. बाराही रवाना जाहल्या.

चौथे दिवशी मातुश्री आल्या, आणि पदर खोचून फडताळापुढे उभ्या राहिल्या, आणि दिसत थोडे म्हणोन एकेका गठ्ठ्यावरून हात फिरवीत गेल्या. सगळीकडे फीत. मुकुंदराव मागे उभे, शाबासकी येते म्हणोन. मातुश्री म्हणाल्या, "छान लावलंस. माझं एक बारकं गाठोडं होतं, ते कुठं ठेवलंस?"

"कुठलं?"

"निरगाठीचं. छबूचं."

छबू म्हणजे मुकुंदरावांची थोरली बहीण. सहा वर्षांची होऊन तापात गेली तेव्हां हे अडीच वर्षांचे, सबब यांस तिचे एक धुरकट छायाचित्र मात्र ठाऊक. मातुश्री म्हणाल्या, "पिवळा परकर होता बघ. गेली तेव्हा अंगावर होता. मी तो धुतला नव्हता, इतकी वर्षं." मग पुसिले, "तुम्ही धुतलंत का रे?"

मुकुंदराव म्हणाले, "धुतलं आई. शिवलं पण. गेलं ते."

मातुश्री भिंतीस टेकोन खाली बसल्या. रागे भरत्या तर बरे होते, मुकुंदराव तेथेच पाय धरोन रडते. परंतु त्यांणी पदराने चष्मा पुसला आणि पुसतच राहिल्या.

दुसरे दिवशी मुकुंदराव पहिल्या एसटीने डोंगरावर गेले. मालक भला मनुष्य, त्याणे सर्व खोल्यांतून गोधड्या आणविल्या आणि ओसरीवर मांडिल्या. अकरा भरल्या. बारावीचे पुसता तो म्हणाला, "एक कुटुंब आलं होतं, बरोबर छोटी मुलगी. निघताना ती गोधडी सोडेचना, गुंडाळून गाडीत जाऊन बसली. म्हटलं, ने बाई. तुमचीच जाहिरात होईल." नोंदवहीत त्यांचा क्रमांक होता तो लाविला, आणि फोनातील बाई उत्तर देई कीं, हा क्रमांक अस्तित्वात नाही. एखादा आकडा चुकीचा पडला असावा. मुकुंदरावांणी तेथे बसोन आकडे फिरवून फिरवून किती परक्यांस फोन लाविले त्याचा हिशेब बखरकारापाशी नाही. लोक रागावले, एक दोघे हसले. दिवस कलता ते मोकळ्या हाताने घरी आले.

मातुश्री सतरंजीवर होत्या. मुलाणे समोर बसोन सर्व वर्तमान सांगितले, एका मुलीने नेली, ठिकाण लागत नाही. मातुश्रींणी पुसिले, "केवढी होती?"

"असेल पाच-सहा वर्षांची."

मातुश्री मग म्हणाल्या, "ती शिवली कुणी?"

"मी."

"टाके बारीक घातलेस ना?"

बखरकाराने खरे लिहावे ऐसी शपथ आहे, सबब लिहितो. मुकुंदराव म्हणाले, "हो आई. बारीक घातले."

तेव्हां मातुश्रींणी हात पुढे केला, आणि मुलाचा डावा हात मांडीवर घेतला, आणि आळीच्या बायकांचे चाचपीत तैसे बोट चाचपिले, पेरापासोन टोकापर्यंत, दोन वेळा. बोट मऊ. सुईची खूण एक नाही. मुकुंदरावांस हात ओढून घ्यावासा वाटला, धैर्य जाहले नाही. मातुश्रींणी ते बोट मुठीत धरिले आणि म्हणाल्या, "मग टिकेल."

एणेप्रमाणे चाकरी सुटली, राज्य उभे राहिले ते आजतागायत चालते आहे, आणि मुकुंदरावांचे बोट आता खरखरीत जाहले आहे. फडताळातील फिती गेल्या. ती गोधडी उसवली कीं टिकली, हे कोणास ठाऊक नाही, आणि त्या घरात कोणी पुसत नाही.