शिरीषाला पंचवीस सह्या

मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांतल्या चुका काढतोय. स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी माझ्या घशात घास अडकतो! त्यामुळे पालिकेची ती सूचना वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "हे काम माझं. चार दिवसांत उरकतो!"

सूचना साधी होती. आपल्या भागातल्या जुन्या, वैशिष्ट्यपूर्ण वृक्षांचं नागरिकांनी नामांकन करावं, सोबत पंचवीस शेजाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात. समितीनं निवड केली, की त्या वृक्षाला कुणी हात लावायचा नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिरीष आहे. तिघांनी हातात हात धरले तरी खोड कवेत येत नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून कुणीतरी त्याच्यावर पिवळी फुली मारून गेलं होतं. पुढच्या सोमवारी करवत येणार, असं कानावर आलं होतं. रोज कामावर जाताना मी त्या फुलीकडे न बघता पुढं जायचो.

अर्ज भरला, वर नुसतं 'नामांकन' एवढंच लिहिलेला सह्यांचा कागद पुठ्ठ्याला अडकवला आणि सुरुवात केली कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून.

"नामांकन करतोय. सही हवी होती," मी म्हणालो.

त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यानं एकेक करून काढल्या. "अखेर ठरलं म्हणायचं! उभं राहायला दम लागतो हो!"

"दम तर आहेच," मी अभिमानानं म्हणालो.

"निवड होईल?"

"तुमच्यासारख्यांच्या सह्या असल्यावर का नाही होणार?"

त्यानं सही केली. वर माझा हात दाबून म्हणाला, "निवड झाली की आमच्या दारातल्या गटाराचं तेवढं बघा."

गटाराचा आणि शिरीषाचा काय संबंध, ते मला कळेना. मुळं गटारात शिरली असतील, असं मीच ठरवून टाकलं आणि पुढं निघालो.

शिंप्याच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "या वयात? तब्येतीला झेपेल?" मी म्हणालो, "जुनं खोड आहे, सिस्टर!" त्या हसल्या आणि त्यांनी सही केली. कुणी पाण्याच्या दाबाचं बोललं, कुणी रस्त्यावरच्या दिव्याचं. गल्ली इतकी मनमोकळी कधीपासून झाली, याचं मला कौतुकच वाटत होतं. प्रभागाच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, हे माझ्या ध्यानातही नव्हतं!

चार दिवसांत पंचवीस सह्या झाल्या.

शुक्रवारी दुपारी पालिकेच्या वृक्ष अधिकारी बाई आल्या. शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला त्या शिंप्याच्या दुकानात बसल्या. सिस्टरही खाली आल्या. मी दारात हाताची घडी घालून उभा.

बाईंनी छापील कागदावरून वाचायला सुरुवात केली. "नामांकिताचं अंदाजे वय?"

"साठीच्या आसपास," शिंपी म्हणाला.

"अर्जात एकशे दहा लिहिलंय."

"काय सांगता! मग तब्येत राखलीय बरं का!"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "झुकाव आहे?"

"बायकोच्या बाजूला. उभ्या गल्लीला ठाऊक आहे."

माझी हाताची घडी सुटली.

"पानगळ?"

"झाली की सगळी! तुम्हीच बघा ना." शिंप्यानं थेट माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं.

"आतून पोकळी?" बाईंचा आवाज आता जरा बारीक झाला होता.

शिंपी घुटमळला. सिस्टर त्याच्या मदतीला धावल्या. "आहे थोडी. पण कुणाला त्रास नाही."

आता मात्र मला घाम फुटला! मी पुढं होऊन म्हणालो, "अहो, मी नाही उभा राहत! तो उभा आहे!" आणि दाराबाहेर शिरीषाकडे हात केला.

बाईंनी फाइल मिटली. त्यांनी ओठ घट्ट आवळून धरले होते. हसू आवरत होत्या, हे स्पष्ट दिसत होतं. पण बोलल्या ते कामाचं. "हे जबाब मला धरता येणार नाहीत. सह्याही नाहीत. पंचवीस जणांनी झाडासाठी म्हणून सही करायला हवी, आणि मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत आहे."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पंचवीस सह्यांना मला चार दिवस लागले होते! एका शब्दानं मी त्या झाडाच्या जिवावर उठलो होतो.

शिंप्यानं कात्री खाली ठेवली. "म्हणजे या झाडासाठी सही हवी होती तुम्हाला?"

"हो."

"माझ्या बापानं पहिलं मशीन याच्याच सावलीत मांडलं होतं. दुकान नंतर आलं." तो उठला. "मग आधीच सांगायचं ना, भल्या माणसा! तुमच्यासाठी म्हणून मी एकट्यानंच सही केली होती. झाडासाठी घरातल्या सातही जणांच्या आणतो!"

सिस्टर जिना चढायला लागल्यासुद्धा. गुडघे दुखतात म्हणून एरवी आठवड्यातून दोनदाच उतरणाऱ्या सिस्टर! समोरच्या आमच्या इमारतीतल्या लोकांनी नवा कागद मागून नेला. मी नुसता मधोमध उभा होतो; मला कुणी काही विचारतही नव्हतं.

चार वाजायला पाच मिनिटं असताना कागद परत आला. एकसष्ट सह्या! बाईंनी टेपनं खोड मोजलं, नोंद केली आणि त्या पिवळ्या फुलीवर पालिकेचा हिरवा कागद चिकटवला. 'निर्णय होईपर्यंत तोड मनाई.' दोन महिन्यांनी निर्णयही आला. शिरीष यादीत गेला आणि रस्ता त्याला वळसा घालून रुंद झाला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मात्र मी घरी बसून पहिला कागद आणि दुसऱ्याची झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवून तपासत होतो. सवयच ती! दुसऱ्या कागदावर सगळ्यात वर बायकोची सही होती, ठळक, वळणदार. पहिल्या कागदावर ती कुठंच सापडेना.

"अगं, पहिल्या वेळी चार दिवस रोज रात्री मी कागद दिवाणखान्यात ठेवत होतो. तेव्हा का नाही केलीस सही?"

ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मलाही वाटलं होतं ना, तुम्हीच उभे राहताय!"